खुराखालचा

नॉर्विचच्या तळघरात फेब्रुवारीला खिडकी नाही.
महोगनीच्या कपाटात चौऱ्याऐंशी खण,
खणात मखमल, मखमलीत राजे,
सगळे एका गालावर.
समोर कुणीच बघत नाही.

मी निळे हातमोजे चढवते.
हेस्टर प्लमट्री वही उघडून विचारते, आज कोण?
आज सोळाशे नव्वदच्या आसपासचा एक विजय,
तळहाताएवढा.
ना बाजारात चालायचा, ना भिकाऱ्याच्या वाडग्यात पडायचा.
वाटण्यापुरताच होता तो: राजदूतांना, बिशपांना,
आणि कुठल्या बाजूला जायचं हे
ज्यांचं अजून ठरत नव्हतं, त्यांना.

छापा: राजा. केसांचा टोप असा
की आत चिमणीनं घरटं केलं तरी दरबाराला पत्ता लागू नये.
काटा: पुन्हा राजाच, आता रोमन चिलखतात, घोड्यावर,
पोटऱ्या उघड्या, इथल्या थंडीत!
वर ढग फाडून सूर्य.
कोपऱ्यात पंखवाली बाई कर्णा फुंकते आहे,
गाल फुगवून, चूल पेटत नसल्यासारखी.
कडेनं लॅटिन गोल फिरतं.
हेस्टर वाचते: शांतता आणली, असं काहीसं.
घोड्याच्या खुराखाली एक माणूस.

हा घोडा माझ्या ओळखीचा आहे.

हुपरीत आप्पांच्या पाटाखाली पितळी ठसे असायचे.
ठशावर चांदीचा पत्रा, पत्र्यावर शिसं, शिशावर हातोडा,
की खंडोबा उठायचा घोड्यासकट,
तलवार वर, खुराखाली मणी की मल्ल
ते आप्पांनाही नक्की ठाऊक नव्हतं.
लोक टाक घरी न्यायचे, रोज न्हाऊ घालायचे,
सणाला चिंचेनं घासायचे.
वीस-तीस वर्षांत देवाचं नाक जायचं,
मग डोळे, मग घोड्याचे कान,
मग गुळगुळीत चकती रुमालात बांधून परत यायचे:
आप्पा, देव उजळून द्या.
पूर्वजांचा ठसा तर एकच होता.
आजोबा कुणाचेही असोत, मिशी तीच.
गेलेला माणूस तक्रार करत नाही, म्हणायचे आप्पा,
आणि फुंकणी उचलायचे.

इथे नाक शाबूत आहे.
तीनशे वर्षांत या राजाला कुणी आंघोळ घातली नाही.

दिवा तिरपा करते.
आणि गालाच्या मागे, टोपाच्या कडेशी,
दुसऱ्या एका नाकाची पुसट रेघ.
आधीचा राजा.
तो रातोरात होडीत बसून पळाला,
पण ठसा पोलादाचा, महागाचा.
कारागिरानं चेहरा तासला, पुन्हा खोल कोरला,
केस तेवढे ठेवले.
घोडा तोच असणार. ढग तेच.
बाई दोघांसाठीही तेवढाच जोर लावते आहे.

हेस्टर हसत नाही. चश्मा पुसते.
म्हणते, माझे वडील टाउन हॉलमध्ये रंगारी होते,
निवडणूक झाली की दारांवरची नावं खरवडायचे.
'कौन्सिलर' हा शब्द नाही खरवडायचे.

ती चहाला गेल्यावर मी नोकरी जाईल असं काहीतरी करते.
मोजा काढते, पदक बोटाच्या टोकावर तोलते
आणि नखानं टिचकी मारते,
आप्पा रुपया वाजवून घ्यायचे तशी.

बद्द.

चांदी नव्हे. कथील, वर मुलामा.
लिहून ठेवते: धातू, वजन, व्यास,
ठसा पुन्हा कोरलेला.
'स्थिती' या रकान्यापाशी पेन थांबतं,
तिथे 'उत्तम' लिहायचं असतं. लिहिते.

मग भिंग खाली नेते, खुराकडे.
राजा घाईत उरकलाय, सूर्य तर पाठच असावा.
पण या माणसावर कुणीतरी बऱ्याच संध्याकाळी घालवल्यात.
कानाखाली चामखीळ.
अंगठ्याचं नख काळवंडलेलं, हातोडा बसल्यावर होतं तसं.
आणि अख्ख्या कपाटात हा एकटाच
समोर बघतो.
तोंड उघडं आहे.
भिंग बदलून, वीस पट मोठं करून पाहिलं:
आत जीभ कोरलेली आहे.